गावी जाताय तर फोटो काढा, पण त्यासोबत नावं लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आपल्या पेपरात कोकणात कुठं उतरावं, महाबळेश्वरला गर्दी किती आहे असलं बरंच काही येतं आणि ते यायलाही पाहिजे, पण सुट्टीत निम्मी माणसं फिरायला जात नाहीत, आपापल्या गावी जातात, त्यांच्यासाठी कुणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे की यंदा गावी जाल तेव्हा मोबाईल हातात असणारच आहे, तर घराचे, घरातल्या जुन्या वस्तूंचे, आणि गावातल्या ज्या गोष्टी बाहेरच्याला विचित्र वाटतात पण आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही अशा गोष्टींचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोबरोबर तो कुणाचा, कुठला, कधीचा हे लिहून ठेवा. फोटो काढणारे आता घरोघरी आहेत, लिहिणारं कुणी सापडत नाही.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन पुण्यात आले ती इथलीच झाले. माहेरचं घर किल्ला भागाजवळ, ते आता भावांनी बिल्डरला द्यायचं ठरवलंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, घर पावसाळ्यात राहण्यासारखं उरलं नव्हतं आणि दुरुस्तीचा खर्च कुणाला झेपणारा नव्हता. पाडायच्या आधी आम्ही सगळी भावंडं, त्यांची मुलं, आत्या असे जमलो आणि दोन-तीन दिवस नुसते फोटो काढले. पहिल्या दिवशी जो तो दारात उभा राहून सेल्फी काढत होता, तुळशीपाशी ग्रुप फोटो झाला, झोपाळ्यावर झाला. संध्याकाळी आत्या म्हणाली, "अगं हे सगळं दिसतंय ते तुमचंच तोंड दिसतंय, घर कुठाय ह्यात?" आत्याचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला मोबाईल वापरता येत नाही, पण फोटोत काय असायला पाहिजे हे आमच्या सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त कळत होतं.

मग ती सांगत गेली आणि आम्ही काढत गेलो. सोप्यातल्या तुळया, कारण घर किती खणी होतं ते त्यावरून कळतं. माजघरातली देवळी, जिच्यात रॉकेलचा दिवा ठेवून ठेवून वरचा दगड कायमचा काळा झालाय. परड्यातली न्हाणी आणि तिथलं चुलवण. दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा आहेत, त्या कुणाच्या कुठल्या हे आत्याला पाठ होतं, तर धाकट्या भावाने खडूने शेजारी नावं लिहिली आणि मगच फोटो काढला. हे मला फार आवडलं. फोटोतच नाव आलं की ते वेगळं जपायला लागत नाही.

पण खरं घबाड मिळालं ते माळ्यावरच्या भांड्यांत. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, प्रत्येक घरात आहे, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भांड्याच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसलेला असायचा, छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन टकटक करत एकेक ठिपका पाडायचा, आता मशीनने घालतात. आमच्या माळ्यावर तांब्याची कळशी, पितळी डबे, परात, घंगाळ, आणि एक ठोक्याचा तांब्या असं निघालं. काळं पडलेलं होतं सगळं. आत्या म्हणाली, चिंच लावून घासू नका, आधीच अक्षरं झिजलीत, म्हणून नुसतं ओल्या फडक्याने पुसलं, अक्षरांच्या ठिपक्यांत पांढरी रांगोळी हलक्या हाताने चोळली आणि बाजूने टॉर्च मारला. समोरून उजेड दिला तर भांडं चमकतं आणि काहीच दिसत नाही, बाजूने दिला की ठिपका न् ठिपका उठून येतो. तांब्यावर आजीचं नाव होतं, मंगळागौरीनिमित्त दिलेला, खाली शके १८६७, आणि तांब्या देणारीचंही नाव होतं. आणि आजीचं जे नाव आम्हाला ठाऊक होतं ते नव्हतंच ते. ते तिचं माहेरचं नाव होतं.

घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नात तांदळात नाव लिहिलं की मुलीचं पहिलं नाव संपलं, सासरी ते कुणी घेत नाही, कागदोपत्री येत नाही, तिला माहेरच्या नावाने हाक मारणारी माणसं गेली की ते नावही गेलं. आजी जाऊन किती वर्षं झाली आणि आम्हाला तिचं नाव एका तांब्यावर सापडलं. आत्या तर तांब्या हातात घेऊन बराच वेळ बसली. तिच्या आईचं नाव तिला पहिल्यांदा कळत होतं.

आमचं मूळ गाव आरग, मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांचं गाव. तिथे आमच्या भावकीकडे हेळवी यायचे. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हेळवी सांगायला नको, पण मुंबईकडे बऱ्याच जणांना माहीत नसतात म्हणून सांगते, हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांगणारे. सुगी झाली की बैलावर बसून यायचे, सोप्यात वही उघडून बसायचे आणि कुणाचा कोण, कुणाला किती मुलगे, कोण कुठल्या गावाहून उठून इथं आला हे पिढ्यान् पिढ्या सांगत जायचे, मग नव्या जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचे आणि धान्य, पैसे, जे द्याल ते घेऊन जायचे. नाशिकला नाहीतर त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतही असंच सापडतं, कधी पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं सापडतं, आणि तिथे कुणी परवानगी दिली तर त्या पानाचा फोटो जरूर घ्यावा. माझ्या चुलतभावाने हेळव्यांच्या वहीतल्या आमच्या पानांचे फोटो त्यांना विचारून घेतले होते, ते मी बघितले, निम्मं मोडी लिपीत आहे. आणि त्यात बायकांची नावं नाहीत. अमक्याला तमके चार मुलगे, बास. म्हणजे वहीवरून घराण्याची मुळं शोधायला बसलो तर घराण्यातली निम्मी माणसं मिळणारच नाहीत, ती भांड्यांवर, ओटीत आलेल्या वस्तूंवर, पाटावर, नाहीतर जुन्या फोटोंच्या मागेच मिळायची. म्हणून सांगते, घर रिकामं करताना भांडी मोडीत घालायच्या आधी प्रत्येक भांडं उलटंसुलटं करून बघा, नाव असेल तर फोटो घ्या. मोडीत गेलेलं पितळ वितळलं की ते नाव परत येत नाही.

मोडी लिपीचं म्हणाल तर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं की जुनी दप्तरं वाचणारी माणसं किती थोडी आहेत. घरातही मोडीतले कागद असतात, खरेदीखतं, उसनवारीच्या चिठ्ठ्या, पत्रिका. वाचता येत नाही म्हणून टाकू नका. पानाचे चारी कोपरे दिसतील असा सरळ वरून फोटो घ्या, मागची बाजूही घ्या, आज ना उद्या वाचणारा मिळतो.

आता आजोबांबद्दल. आजोबा बारशी लाइट रेल्वेत होते, मिरजेहून आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ करत पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी जी छोटी रेल्वे, ती. बारशी लाइट १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने बांधली, रूळ फक्त अडीच फूट रुंद, आणि १९२७ मध्ये ती मिरजेपर्यंत आली. १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तरी आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत "आमची कंपनी"च होती. मिरज जंक्शनचं वैशिष्ट्य तेव्हा असं होतं की एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ होते, सत्तरच्या दशकाच्या सुरवातीला पुण्याकडून आलेली ब्रॉडगेज, बेळगाव-बंगळूरकडे जाणारी मीटरगेज आणि आमची नॅरोगेज. लहानपणी आम्हाला त्यात काय नवल, सगळ्याच गावात असं असतं असं वाटायचं. बाहेरून आलेला पाहुणा पुलावर उभा राहून बघत बसायचा आणि आम्हाला त्याचं आश्चर्य वाटायचं. आता सगळं ब्रॉडगेज झालं, आणि आमच्या अख्ख्या घराण्यात, ज्या घराण्याचं पोट त्या रेल्वेवर चाललं त्या घराण्यात, तीन रुळांचा एक फोटो नाही. लग्नाचे फोटो आहेत, मुंजीचे आहेत, सत्यनारायणाचे आहेत. आजोबा ज्या प्लॅटफॉर्मवर आयुष्यभर उभे राहिले त्याचा नाही.

आजोबांचा नोकरीतला एकच फोटो निघाला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं, तीन ओळींत माणसं बसलेली-उभी, पुढे दोघं जमिनीवर. मागे काही नाही. कोरं. कोण कोण आहेत, कुठलं स्टेशन, कुणाचा निरोप समारंभ होता की काय, काही नाही. आत्याने आजोबांना ओळखलं तेही टोपी डोक्यावर तिरकी घालायच्या सवयीवरून, आणि आणखी दोघांना ओळखलं कारण ते घरी जेवायला यायचे. बाकीचे गेले. तो फोटो आम्ही काचेतून काढून खिडकीच्या उजेडात मोबाईलवर घेतला, फ्लॅश बंद ठेवून, मग त्याची मोठी झेरॉक्स काढली, झेरॉक्सवर प्रत्येक डोक्याला आकडा दिला आणि जी नावं कळली ती त्या आकड्यांपुढे लिहिली. ज्यांची नाही कळली त्यांचे आकडे रिकामे ठेवलेत, ती झेरॉक्स आता मिरजेतल्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरी फिरते आहे आणि परवाच एका घरातून एक नाव आलं. मूळ फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता लिहा. बॉलपेनने लिहिलं तर पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उठतो.

आणखी एक काम आम्ही केलं, फोटो आत्याच्या हातात द्यायचा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून ती जे बोलेल ते बोलू द्यायचं. मधे प्रश्न विचारायचे नाहीत, तारीख काय, साल काय असं धरून बसायचं नाही. ती पातळावरून, दागिन्यावरून, मागच्या भिंतीच्या रंगावरून साल काढते. "ही पाटली मोडली ताईच्या लग्नात, म्हणजे त्याच्या आधीचा हा फोटो." असं. हे कुठल्याच कागदावर नसतं.

हे झालं घराचं. पण मला जास्त कळकळीने सांगायचंय ते गावाबद्दल, कारण घराचे फोटो लोक थोडेफार तरी काढतात, गावाचे काढत नाहीत, आणि काढले तर देऊळ, नदी, घाट एवढेच. ते तर सगळ्यांकडे आहेत. मिरजेचं काय काढायचं म्हणाल तर मी सांगते. सतारमेकर गल्लीत जा. तिथं दुकानाच्या आढ्याला, कोपऱ्यात, जिन्याखाली, जिथं जागा असेल तिथं भोपळेच भोपळे दिसतात, डोक्यापेक्षा मोठाले, वाळून पिवळे-तपकिरी पडलेले, नवीन माणूस बघतच राहतो की एवढे भोपळे घेऊन ही माणसं करतात काय. हे खायचे भोपळे नव्हेत, कडू असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेकाठी पिकवतात, आणि सतारीचा, तंबोऱ्याचा आवाज त्यांच्या पोटातनं येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब सतारमेकर यांनी हे काम मिरजेत सुरू केलं, शिकलगार घराणं, म्हणजे हत्यारांना धार लावणारी माणसं, हत्यारं गेली आणि ते हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा सगळ्या पेपरांत चकचकीत तयार सतारीचा फोटो आला. माझी विनंती आहे, तयार सतारीचा काढू नका, तो कॅटलॉगमध्येही मिळतो. भोपळ्याचं तोंड कापून आतलं खरवडणारा हात काढा. दांडीला लाखेचा रंग देताना काळी पडलेली बोटं काढा. एक वयस्क कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा फिरवायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, परत फिरवायचा, जवारी लागेपर्यंत, म्हणजे तारेला हवी तशी गुंजणारी आस येईपर्यंत, हे मी अर्धा तास उभी राहून बघितलं. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले काढा की, पण बोलू नका, आवाज ऐकायला लागतो. तंबोरा बायकांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा असतो हे मला मिरजेत जन्मून त्या दिवशी नीट कळलं, भोपळा कुठला कशाला हे ते नुसतं हाताने वाजवून ठरवत होते.

त्याच गावात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. उरुसाचा पहिला मानाचा गलेफ, म्हणजे दर्ग्यावर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गणपतीत रस्तारस्त्यावर उंचच उंच स्वागत कमानी उभ्या राहतात, चित्रं काढलेल्या, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. हे सगळं मिरजकरांना इतकं सवयीचं आहे की कमानीचं चित्र काढणारा पेंटर कोण होता हे त्या गल्लीतल्या पोरांना सांगता येत नाही. कमानीचा फोटो शंभर जणांकडे असेल. शिडीवर चढून रंग देणाऱ्या माणसाचा एकाकडे तरी आहे का?

आणि पाट्या. मिरज दवाखान्यांचं गाव, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातनं पेशंट इथं येतात, त्यामुळे डॉक्टरांच्या, मेडिकलच्या पाट्या मराठीबरोबर कन्नडमध्येही असतात. दर्ग्याच्या बाजूला उर्दू दिसते. एका चौकात उभं राहिलं तर तीन-चार लिप्या एका नजरेत येतात. माझी आई कन्नड शाळेत कधी गेली नाही पण कन्नड पाट्या तिला वाचता यायच्या, रोज बघून बघून शिकली. ह्या हाताने रंगवलेल्या पाट्या भराभर चालल्यात, फ्लेक्स आले, आणि फ्लेक्सवर सगळ्या गावांची अक्षरं एकसारखीच असतात. पेंटरचं अक्षर वेगळं असायचं, खाली कोपऱ्यात बारीक सही असायची. ती सही फोटोत येईल असं बघा.

मिरजेबाहेर थोडं गेलात तर हरिपूर आहे, तिथली हळदीची पेवं. जमिनीखाली खोल खड्डे, तोंड एवढंसं की एक माणूस जेमतेम उतरेल, आणि आत पोतीच्या पोती हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीचशी गेली. ज्यांनी पेवात उतरून काम केलं ती माणसं अजून आहेत. त्यांना त्या तोंडापाशी उभं करून फोटो काढला आणि आत कसं उतरायचे, आधी दिवा का सोडायचे हे विचारून लिहून ठेवलं तर तो कागद सोन्यासारखा होईल.

पुरावरून आठवलं. २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या घरातले सगळे अल्बम बुडाले. पाणी उतरल्यावर त्यांनी ते उन्हात वाळवले आणि फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. नंतर एका फोटोग्राफरने सांगितलं की भिजलेले फोटो एकावर एक वाळू द्यायचेच नाहीत, स्वच्छ गार पाण्यात अलगद सोडायचे, एकेक सुटा करायचा, आणि सावलीत तोंड वर करून पसरायचा. नदीकाठच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. आणि त्याहून बरं म्हणजे पावसाळ्याच्या आधीच सगळ्या अल्बमचे फोटो घेऊन ते दोन ठिकाणी ठेवावेत, एक गावात आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या भावंडाकडे.

व्हॉट्सॲपचं एक सांगायला पाहिजे. आमच्या घरी सगळ्यांनी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि सगळे खूष. पण तसे टाकले की फोटो लहान होतो, बारीक अक्षर फुटतं, आणि कधी, कुठे काढला ही जी माहिती फोटोच्या आत असते ती निघून जाते. तांब्यावरचे ठिपके माझ्या मोबाईलवर स्पष्ट होते, ग्रुपवर नुसता डाग दिसत होता. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्हवर द्या. आणि फाईलला नाव द्या. कॅमेरा जे आकडे देतो त्याच्यावरून पन्नास वर्षांनी कुणाला काय कळणार आहे, "आरग, थोरल्या काकांचा पानमळा, २०२५ मे" एवढं लिहायला किती वेळ लागतो?

लोक म्हणतात ही कामं रिकामपणाची आहेत. माझी भाची अमेरिकेत शाळेत आहे, तिला शाळेत घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं होतं, तिने व्हिडिओ कॉलवर मला विचारलं की पणजी काय करायची. मला काय सांगता येणार होतं, स्वयंपाक करायची? आता मी तिला तांब्याचा फोटो पाठवलाय, आणि आरगच्या पानमळ्याचा, पानं खुडून त्यांच्या कवळ्या बांधणाऱ्या बायकांचा, कारण पणजी लग्नाआधी तेच काम करायची हे आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये निघालं. आमच्या घराण्याची मुळं हेळव्याच्या वहीत जेवढी आहेत तेवढीच त्या पानमळ्यात आणि त्या अडीच फुटी रुळावर आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, ती कुर्डुवाडीवरून लातूरकडे गेली, म्हणजे आजोबांच्याच मार्गाने. आत्या तेव्हा मिरजेत होती, तिला कुणी स्टेशनवर नेलं असतं तर तिचा त्या गाडीशेजारी फोटो निघाला असता. पेपरातल्या बातमीत तो फोटो नुसता टँकरचा होता, आमच्या घरात तो आजोबांच्या लाइनचा झाला असता.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. आपल्या जिल्हा पुरवणीत आठवड्याला एक छोटी चौकट ठेवा. वाचकांनी एक फोटो पाठवायचा, जुना असो की आजचा, घरातला असो की गावातला, आणि खाली चार ओळी: कोण किंवा काय, कुठे, कधी, आणि ही माहिती कुणी सांगितली. शेवटचं फार गरजेचं आहे, कारण ऐकीव आणि पाहिलेलं यांत फरक राहिला पाहिजे. ज्या फोटोतली माणसं ओळखू येत नाहीत असेही छापा, गावात कुणीतरी ओळखतंच, आमच्या रेल्वेच्या फोटोला एक नाव तसंच मिळालं. मात्र जिवंत माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय छापू नका, विशेषतः बायका आणि लहान मुलं, कारागिरालाही विचारा आणि त्याचं नाव त्याच्या परवानगीने ठळक द्या.

शाळांनाही सांगावंसं वाटतं की सुट्टीचा अभ्यास म्हणून पाच पानं शुद्धलेखन देण्याऐवजी घरातल्या एका भांड्यावरचं नाव शोधून आणा असं सांगा. मुलं आजीच्या मागे लागतील. आणि महापालिकेला विनंती आहे की जुनं घर, जुनी वेस, जुना बाजार पाडायची परवानगी देताना मालकाकडून आतून-बाहेरून फोटो घेऊन ते वाचनालयात ठेवायची सोय करता आली तर बघावं, खर्च काही नाही, एक फोल्डर लागेल.

आमचं घर पुढच्या महिन्यात पाडायला घेतील. भांडी आम्ही वाटून घेतली, तांब्या आत्याकडे आहे.

पत्र मोठं झालंय ह्याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर स्टेशनचा नाहीतर सतारीचा भाग कापा, त्यांच्यावर इतरांनीही लिहिलंय, पण भांड्यांवरच्या नावांचा मजकूर कृपया पूर्ण छापा आणि शक्य झालं तर ह्या सुट्टीतच छापा, म्हणजे गावी गेलेल्यांना माळ्यावर चढायला वेळ मिळेल.

आपली एक वाचक,
मूळ मिरज, सध्या मुक्काम पुणे